जीव, आत्मा, प्राण हे एकच की वेगवेगळे? जीवखड्यात नक्की कोण होतं?

खिडकीची_जागा

नमस्कार मंडळी. प्रश्न लांब आहे, सांभाळून घ्या.

माझे वडील, आम्ही आप्पा म्हणायचो, दोन महिन्यांपूर्वी गेले. बेस्टमध्ये कंडक्टर होते, सगळं आयुष्य परळच्या चाळीत गेलं. आमच्या घरी फार सोवळं ओवळं कधीच नव्हतं पण दिवसकार्य सगळं रीतीप्रमाणे करायचं हे आईने ठरवलं होतं. तर स्मशानात ज्या दगडाने मडक्याला भोकं पाडली तो दगड गुरुजींनी भावाच्या हातात दिला, मुठीत मावेल एवढाच, काळपट, आणि म्हणाले हा जीवखडा, दहा दिवस सांभाळायचा, घरात न्यायचा नाही. मग आम्ही तो कापडात गुंडाळून चाळीमागच्या बदामाच्या झाडाला पिशवीत टांगला. आई रोज गॅलरीत उभी राहून त्या झाडाकडे बघत चहा प्यायची. सहाव्या की सातव्या रात्री जोरात पाऊस आला तर ती उठून बसली आणि म्हणाली, "अगं ते भिजत असतील."

मी काही बोलू शकले नाही. जाऊन छत्री धरून उभी राहिले झाडाखाली, खरंच.

आता बघा, त्याच वेळी घरात जिथे आप्पा गेले तिथे दिवा, त्याच्याखाली पीठ पसरलेलं, आणि चाळीतल्या काकू सकाळी येऊन पिठात बघायच्या की कुठला ठसा उमटलाय, म्हणजे ते पुढच्या जन्माला कुठे गेले ते कळतं. दहाव्याला बाणगंगेवर पिंड ठेवले तर पाऊण तास कावळा शिवेना. भाऊ हात जोडून एकेक बोलत होता, आईला बघेन, गावच्या घराचं छप्पर करून घेईन, काही नाही. शेवटी तो म्हणाला आईच्या डोळ्याचं ऑपरेशन दिवाळीच्या आत करतो, आणि कावळा आला. मी योगायोग वगैरे म्हणणार नाही, मी तिथे होते आणि मला रडू आलं.

पण मग ते दगडात होते, की पिठावर पाऊल ठेवून गेले, की कावळ्यात आले? आणि फोनवर दीडदोनशे मेसेज, 'आत्म्यास शांती लाभो'. आप्पा स्वतः रोज आंघोळीनंतर गीतेचा पंधरावा अध्याय म्हणायचे, पाठ होता त्यांना, आणि गीतेत तर आत्म्याला शस्त्र कापत नाही, पाणी भिजवत नाही असं आहे ना? मग ज्याला पाणी भिजवत नाही त्याच्यासाठी मी छत्री घेऊन का उभी होते?

ऑफिसात माझी वसईची कॅथलिक मैत्रीण आहे. तिने फार आपुलकीने विचारलं की तुमच्यात सोल आणि स्पिरिट वेगळं मानतात का गं? मला एक वाक्य धड बोलता आलं नाही. ज्यांना यातलं माहीत आहे त्यांनी प्लीज सांगा. वाद घालायला विचारत नाहीये, मला खरंच कळून घ्यायचंय.

पहाटेची_कर्जत_लोकल

ताई, आधी तुमच्या आप्पांना नमस्कार. मी गेली वीसेक वर्षं गीता आणि ज्ञानेश्वरी वाचतोय, शास्त्री नाही, पण जे समजलंय ते सांगतो.

तुमचं उत्तर आप्पा रोज म्हणत होते त्या पंधराव्या अध्यायातच आहे. सातवा आणि आठवा श्लोक काढून बघा. सातव्यात 'जीवभूतः' असा शब्द आहे, म्हणजे माझाच अंश या जगात जीव झाला आणि तो मन धरून सहा इंद्रियं स्वतःकडे ओढून घेतो. आणि आठव्यात, हा जीव शरीर सोडून निघतो तेव्हा ही सगळी सोबत घेऊन जातो, कशी, तर 'वायुर्गन्धानिवाशयात्', वारा जसा फुलातून वास उचलून नेतो तशी. म्हणजे आत्मा आणि जीव असे दोन शब्द आपल्याकडे उगाच नाहीत. आत्मा कुठे जात नाही आणि येतही नाही, तो सगळीकडे आहेच. जातो तो जीव, म्हणजे मन, बुद्धी, इंद्रियांची शक्ती आणि पाच प्राण यांचं गाठोडं ज्याने आपलं मानलंय तो. वेदान्तात त्या गाठोड्याला सूक्ष्म शरीर किंवा लिंगदेह म्हणतात आणि त्याचे 17 घटक मोजतात, पाच ज्ञानेंद्रियं, पाच कर्मेंद्रियं, पाच प्राण, मन आणि बुद्धी. तहान, भूक, आठवण, बायकोची काळजी हे सगळं त्या गाठोड्यात. आत्म्याला डोळ्याच्या ऑपरेशनची काळजी नसते, जिवाला असते.

कठोपनिषदात नचिकेत यमालाच हे विचारतो की माणूस मेल्यावर उरतो की नाही. तिथे रथाचं उदाहरण आहे, शरीर रथ, बुद्धी सारथी, मन लगाम, इंद्रियं घोडे आणि आत्मा आत बसलेला रथी. घोडे उधळले तरी रथी रथीच राहतो.

मराठी माणसाला हे बोलता बोलता कळतं खरं तर. आपण म्हणतो जीव लागला, जीव तुटतो, जीव टांगणीला लागला, जीव भांड्यात पडला. आत्मा तुटला असं कोणी म्हणतं का? आणि प्राण हा तिसरा, तो निव्वळ चालवणारा वारा. तुमच्या घरी जेवायला बसताना चित्राहुती घालून मग प्राणाहुती घेत असतील तर आठवा, प्राणाय स्वाहा, अपानाय स्वाहा, मग व्यान, उदान, समान. पहिले पाच घास त्या पाच जणांचे.

म्हणून 'आत्म्यास शांती' हे शब्दशः घेतलं तर बरोबर नाही, पण लोकांना म्हणायचं असतं जिवाला शांती, ते बरोबर आहे. आणि छत्री धरलीत ते जिवासाठी धरलीत.

खिडकीची_जागा

दादा, खूप खूप आभार, तुम्ही फार नीट समजावलंत. पण एक अडतंय. जीव गाठोडं घेऊन निघाला तर लगेच निघाला की दहा दिवस थांबला? कारण पिठातला ठसा पहिल्याच दिवशी बघतात आणि जीवखडा दहा दिवस. दोन्ही एकदम कसं?

पहाटेची_कर्जत_लोकल

ताई, इथे मी तुम्हाला खोटं जुळवून सांगणार नाही. बृहदारण्यक उपनिषदात गवतावरच्या अळीचं उदाहरण आहे, ती पुढचं पातं धरते आणि मगच मागचं सोडते, तसा हा दुसऱ्या देहाला धरून पहिला सोडतो. त्या हिशोबाने मध्ये थांबणं नाहीच. आणि गरुडपुराणात दहा दिवसांत दहा पिंडांनी त्याचा नवा देह बनतो असं आहे, पहिल्या दिवशी डोकं, दहाव्या दिवशी भूक आणि तहान. म्हणून तर दहाव्याला एवढं महत्त्व. मग बाराव्याला सपिंडीकरण, म्हणजे त्याचा पिंड पूर्वजांच्या पिंडांत मिसळणं, तोपर्यंत तो प्रेत, म्हणजे शब्दशः 'पुढे निघून गेलेला', आणि त्यानंतर पितर. हे दोन वेगवेगळ्या काळचे विचार आहेत आणि आपल्या लोकांनी एकही टाकून दिला नाही, दोन्ही एका घरात ठेवले. मला स्वतःला यात कमीपणा वाटत नाही. अळीचं उदाहरण जाणाऱ्याची गोष्ट सांगतं आणि दहा दिवस हे मागे राहिलेल्यांचे आहेत, असं मी मानतो. तुमच्या भावाने छपराचं आणि ऑपरेशनचं बोलून टाकलं ना, ते बोलायला दहा दिवस लागतात.

वसई_वेस्ट

मी वसईचा कॅथलिक, तुमच्या मैत्रिणीच्याच गावचा निघालो. सोल आणि स्पिरिटबद्दल मी सांगतो, कारण याच्यात मी स्वतः लहानपणी फार गोंधळलेलो होतो.

आमच्या मराठी बायबलमध्ये सोलला 'जीव' म्हटलंय आणि स्पिरिटला 'आत्मा'. पौलाच्या थेस्सलनीकाकरांस पहिल्या पत्रात पाचव्या अध्यायात तीनही एका ओळीत येतात, 'आत्मा, जीव व शरीर'. आणि मरियेचं गीत आम्ही कायम म्हणतो त्यात, माझा जीव प्रभूला थोर मानतो आणि माझा आत्मा उल्लासला आहे, असं लागोपाठ आहे. शाळेत माझ्या बाजूला बसणारा मित्र हिंदू, तो म्हणायचा आत्मा म्हणजे आतला देव, आणि मी म्हणायचो पवित्र आत्मा, म्हणजे देवाचा आत्मा जो आपल्यावर उतरतो. शब्द एक आणि दोघं वेगळ्याच गोष्टीबद्दल बोलतोय, हे कळायला मला कॉलेज उजाडलं.

मूळ शब्दांकडे गेलं की सगळं सोपं होतं. ग्रीकमध्ये सोल म्हणजे प्सूखे आणि स्पिरिट म्हणजे प्न्यूमा. त्याच्याही आधी हिब्रूत नेफेश आणि रूआख. रूआख म्हणजे वारा, श्वास. आणि नेफेशचा जुना अर्थ आहे गळा, कंठ. मी हे पहिल्यांदा ऐकलं तेव्हा अंगावर काटा आला, कारण माझी आजी म्हणायची 'प्राण कंठाशी आले'. उत्पत्तीच्या पुस्तकात दुसऱ्या अध्यायात देव मातीचा माणूस घडवतो, त्याच्या नाकपुड्यांत श्वास फुंकतो आणि मग माणूस जिवंत प्राणी झाला, तिथे 'प्राणी' साठी जो मूळ शब्द आहे तो नेफेश. म्हणजे माणसाला नेफेश दिला असं नाही, माती अधिक श्वास मिळून माणूसच नेफेश झाला. मला वाटतं हाच आपल्या दोघांतला मोठा फरक आहे. तुमच्याकडे शरीर जुनं वस्त्र, टाकून द्यायचं. आमच्याकडे शरीराशिवायचा जीव अपुरा, म्हणून आम्ही मेलेल्यांचं पुनरुत्थान मानतो, शरीरासकट. पुनर्जन्म नाही, एकच आयुष्य.

आणि सोल, स्पिरिट ही दोन वेगळी भुतं माणसात बसलीत असं चर्च शिकवत नाही. जीव एकच आहे, तो देवाकडे तोंड करून उघडा असतो त्या बाजूला आत्मा म्हणतात, असं आमच्या फादरांनी मला समजावलं होतं आणि माझं त्याने समाधान झालं. मेलेल्यांसाठी आम्हीही प्रार्थना करतो बरं का. 2 नोव्हेंबरला सगळे कबरस्तानात जातात, फुलं, मेणबत्त्या, संध्याकाळी सगळं आवार उजळलेलं असतं. माझी आई अजून बाबांच्या कबरीवरचा पालापाचोळा हाताने साफ करते, झाडू वापरू देत नाही. तुमच्या आईने पावसात उठून बसणं मला लगेच कळलं.

चेंबूर_नाका

मी बौद्ध आहे, माझं मत वरच्या सगळ्यांपेक्षा वेगळं आहे, पण ताईंचं दुःख मोठं आहे म्हणून आधी विचार केला लिहू की नको. ताई म्हणाल्या खरंच कळून घ्यायचंय, म्हणून लिहितोय.

आम्ही आत्मा मानत नाही. भगवान बुद्धांनी अनात्म सांगितलं, पालीत अनत्ता. माणूस म्हणजे रूप, वेदना, संज्ञा, संस्कार, विज्ञान हे पाच स्कंध, सतत बदलणारे, त्यांच्या आत न बदलणारा कोणी बसलेला नाही. वर दादांनी कठोपनिषदातला रथ सांगितला. आमच्याकडेही रथच आहे. राजा मिलिंद आणि भंते नागसेन यांच्या संवादात नागसेन विचारतात, महाराज रथाने आलात ना, मग चाक म्हणजे रथ का, आस म्हणजे रथ का, जू म्हणजे रथ का? प्रत्येकाला राजा नाही म्हणतो. सगळं जुळून आल्यावर त्याला रथ हे नाव पडतं, बस एवढंच. एका परंपरेत रथात रथी बसलाय आणि दुसऱ्या परंपरेत रथ उघडून बघितला तर आत कोणी नाही, मला हे दोन शेजारी ठेवून वाचायला फार आवडतं.

मग पुढे काय जातं? नागसेन म्हणतात, एका दिव्यावर दुसरा दिवा लावला तर पहिल्यातून काही उचलून दुसऱ्यात नेलं का? नाही, पण दुसरा पेटला तो पहिल्यामुळेच.

बाबासाहेबांनी 14 ऑक्टोबर 1956 ला नागपूरला 22 प्रतिज्ञा दिल्या त्यात श्राद्धपक्ष करणार नाही, पिंडदान करणार नाही ही प्रतिज्ञा आहे. आमच्या घरी ती आजोबांपासून पाळतात. माझी आई गेली तेव्हा जलदान विधी आणि पुण्यानुमोदन केलं. भांड्यात भांडं ठेवून पाणी ओततात, ते काठोकाठ भरून खाली वाहतं आणि पालीत म्हणतात की उंचावर पडलेलं पाणी जसं सखल जागी वाहत जातं तसं इथून दिलेलं गेलेल्यांपर्यंत पोहोचो. मी भंतेजींना विचारलं होतं, आत्माच नाही तर पोहोचतं कोणाला? ते म्हणाले, आईने तुला वाचायला शिकवलं ना, ती आत्ता कुठे आहे विचारण्याआधी ते वाचणं कुठे आहे ते बघ. मी आईच्या नावाने आमच्या बुद्धविहारात मुलांचा रविवारचा अभ्यासवर्ग घेतो. एवढंच सांगायचं होतं. ताई, दगडात कोण होतं ते मी सांगू शकत नाही, पण तुमच्या भावाने जो शब्द दिला तो पाळा.

कोकणातली_मुंब्य्रात

आम्ही कोकणी मुसलमान, घरात मराठीच. आमच्यात रूह आणि नफ्स असे दोन शब्द आहेत. नफ्स म्हणजे जो हट्ट करतो, चुकतो, स्वतःला बोल लावतो आणि शेवटी शांत होतो तो, कुराणात नफ्सच्या या तिन्ही अवस्था आहेत आणि 'प्रत्येक नफ्स मृत्यूची चव घेणार' असंही आहे. रूहबद्दल मात्र पैगंबरांना लोकांनी विचारलं तेव्हा उत्तर आलं की रूह ही माझ्या रबची आज्ञा आहे आणि तुम्हाला ज्ञान थोडंच दिलेलं आहे. सतराव्या सूरेत आहे हे. माझे अब्बा गेल्यावर मला याच आयतीने आधार दिला, म्हणजे देवानेच सांगितलंय की हे तुम्हाला पूर्ण कळणार नाही, मग मी रात्र रात्र जागून डोकं चालवणं थांबवलं. हिब्रूतला रूआख आणि आमचा रूह एकच दिसतोय, हे वसईवाल्यांमुळे आज कळलं. शुक्रिया.

रात्रपाळी

मी नर्स आहे, आता रिटायर. वर सगळ्यांनी पुस्तकातलं सांगितलं, मी डोळ्यासमोरचं सांगते.

शेवटची काही वर्षं मी दादरला एका पारशी बाईंकडे रात्रीची ड्युटी करायचे. त्या गेल्या त्या रात्री मी एकटीच होते. शेवटी श्वासांमधलं अंतर वाढत जातं, तुम्ही पुढच्याची वाट बघत राहता, आणि एक श्वास बाहेर येतो तो परत आत जात नाही. मी तेव्हा घड्याळ बघितलं, वेळ लिहिली आणि मग खिडकी उघडली. कोणी शिकवलं नव्हतं, आमच्या वॉर्डातल्या जुन्या सिस्टर करायच्या म्हणून मीही करत आले. श्वासालाच सगळ्यांनी वेगवेगळी नावं ठेवलीत असं मला वरचं वाचून वाटलं.

त्यांच्या मुलीने मला नंतर सांगितलं की त्यांच्यात रवान म्हणजे जीव, तो तीन रात्री इथेच असतो, डुंगरवाडीवर, म्हणजे त्यांच्या अंत्यसंस्काराच्या जागी, प्रार्थना चालू असतात, आणि चौथ्या दिवशी पहाटे तो चिन्वत पूल, म्हणजे पलीकडच्या जगात नेणारा पूल, ओलांडतो. आणि फरोहर म्हणून अजून एक असतो, जन्माच्या आधीपासून असलेला, माणसाला चांगल्याकडे नेणारा, तो मळत नाही. वर्षाच्या शेवटी मुक्तादचे दहा दिवस त्यांना घरी बोलावल्यासारखी फुलं ठेवतात, गेलेल्या प्रत्येकासाठी वेगळा चांदीचा फुलदाण. त्या बाई असताना मीच त्यातलं पाणी बदलायचे, गुलाब आणि निशिगंध. त्यांच्या सासूचा कुठला, नवऱ्याचा कुठला हे मला पाठ होतं.

ताई, आईला एकटीला झोपवू नका अजून काही दिवस.

खिडकीची_जागा

सगळ्यांचं दोन दोनदा वाचलं. आईला मोठ्याने वाचून दाखवलं, चष्म्याने तिला फोनवरचं दिसत नाही. ऑपरेशनची तारीख घेतलीय, चेंबूरचे दादा, शब्द पाळतोय.

आई मधे मधे हुं म्हणत होती. 'वारा फुलातून वास नेतो' हे वाचल्यावर म्हणाली थांब, आणि उठून कपाट उघडलं. आप्पांची खाकी पॅंट, रिटायर झाल्यावर अठरा वर्षं तिने टाकली नव्हती, आणि त्यांची कंडक्टरची चामड्याची बॅग, सुट्ट्या पैशांनी आतलं अस्तर काळं पडलेलं. कपाटात अजून तो वास आहे, चामडं, नाणी आणि झंडू बाम. ती म्हणाली, "हे आहे तोवर मी कपाट सारखं उघडायची नाही, संपून जाईल." मग बंद केलं.

मला आता कळलं की मी ज्याच्यासाठी रडतेय तो जीव आहे. आत्म्याची मला ओळखच नाही, म्हणजे ज्याला तहान नाही, काळजी नाही, परळ माहीत नाही, त्याला मी आप्पा कसं म्हणू. आप्पा म्हणजे जो म्हणायचा खिडकीत बस, वारा लागेल. जीवखड्यात कोण होतं याचं उत्तर मी सोडून देते, मुंब्य्राच्या ताई म्हणाल्या तसं.

वसईचे दादा, माझ्या मैत्रिणीला मी हा सगळा धागा पाठवला, ती म्हणाली 2 नोव्हेंबरला ये आमच्याकडे, तिच्या वडिलांच्या कबरीवर जाऊ. मी यायचं म्हणतेय. आपल्यात चालतं का वगैरे आईला विचारलं तर ती म्हणाली मीही येते. मेणबत्त्या घरून न्यायच्या की तिकडे मिळतात?

वसई_वेस्ट

नक्की या, आईंना घेऊन या. मेणबत्त्या आणि झेंडूची फुलं गेटच्या बाहेर मिळतात. संध्याकाळी चारच्या आत पोहोचा, नंतर ट्रेनला खूप गर्दी. आणि एक काचेची बरणी घरून आणा, आमच्याकडे समुद्राचा वारा असतो, उघडी मेणबत्ती टिकत नाही.